काच रंग धरीना

आमच्या घरात सकाळ व्हायची ती करडईच्या तेलाच्या वासानं. जात्याची घरघर थांबली, चुलीत तुराट्या पेटल्या, भाकऱ्या थापून झाल्या, की आई हात धुऊन उंबऱ्यावर येऊन बसायची आणि मला हाक मारायची. मी खालच्या पायरीवर तिच्याकडे पाठ करून बसायचे. ती माझं डोकं दोन्ही गुडघ्यांत असं धरायची, की मान हलवायची सोय नसायची. मग तळव्यावर ओतलेलं घाण्याचं तेल टाळूवर थापलं जायचं. आईच्या तेलाला माप नव्हतं. ते कानशिलावरून ओघळून मानेत उतरायचं, पोलक्याची गळपट्टी कायमची पिवळट पडलेली असायची, आणि झोपायच्या गोधडीवर माझ्या डोक्याच्या जागी एक काळपट गोल उमटलेला होता. वेणी ती इतकी घट्ट घालायची, की दुपारपर्यंत माझ्या भुवया वर ओढलेल्या राहायच्या आणि शाळेत मी सारखी कशाचं तरी नवल करत असल्यासारखी दिसायचे. आईचं म्हणणं एकच होतं, "पोरीच्या जातीचं डोकं कोरडं ठिऊ नये. बघनाऱ्याला वाटतं, हिला घरात कुनी न्हाई."

दिवसभरात आई माझ्याशी निवांत बोलायची ती तेवढ्याच वेळात. एरवी तिचं बोलणं म्हणजे हुकूम असत: पाणी आण, कोंबड्या झाक, दानीला बघ. पण डोकं गुडघ्यांत सापडलं की ती तिच्या माहेरच्या गोष्टी सांगायची, शेजारणींच्या नकला करायची, आणि मी हसले की डोकं हललं म्हणून टपली मारायची. आज माझ्या डोक्यावर विंचरण्यासारखं फारसं उरलेलं नाही. नात कसल्याशा बाटलीतला फेस लावून मला न्हाऊ घालते आणि म्हणते, आजी, तेल लावत जाऊ नकोस, धूळ चिकटते. मी बरं म्हणते. तेलाला काय काय चिकटतं आणि काय काय चिकटत नाही, हे मी तिच्याहून बरंच आधी शिकलेली आहे, ते कसं, ते इथे लिहिते.

आमचं गाव सोनईपासून कोसाभरावर. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि रविवारी, सणावारी कीर्तन करायचे. उंच, सडसडीत, गळा गोड, आणि बोलायच्या भरात पुढचामागचा विचार न करता शब्द देऊन बसायची खोड. त्यांच्या कीर्तनाचा खरा मान होता तो त्यांच्या जादूच्या कंदिलाला. काळ्या पत्र्याची पेटी, तिच्या पोटात दिवा, पुढे पितळी नळीत भिंग. काचेवर रंगवलेलं चित्र मधल्या फटीत उलटं सरकवायचं, की समोरच्या पांढऱ्या धोतरावर ते माणसाहून मोठं होऊन उमटायचं. चित्रं सगळी विलायतेहून आलेली. त्यांतली माणसं गुबगुबीत आणि गुलाबी, डोंगर बर्फाचे, आणि मेंढरं अशी, की आमच्याकडच्या धनगरानं त्यांना मेंढरं म्हटलंच नसतं. तरी आसपासच्या गावांतून माणसं बैलगाड्या जुंपून बघायला यायची. आमच्यासारखे ख्रिस्ती यायचे, आणि शेतकरी घरांतले हिंदूही यायचे. कीर्तन कुणाचं का असेना, चित्रं सगळ्यांची होती.

अडचण एवढीच, की दरवर्षी चित्रं तीच. पहिल्या ओळीत बसायचे ते भिकाजीआबा. पांढऱ्या मिशा, लालभडक फेटा, स्वतःची बागाईत, आणि जीभ अशी, की मोटेचा बैलसुद्धा त्यांना टरकून असायचा. दळण दळणाऱ्या बाईचं चित्र पडद्यावर आलं की आबा म्हणायचे, "मास्तर, ह्या बाईचं दळन अजून झालं न्हाई व्हय? गेल्या साली बी दळतच हुती." सगळी सभा हसायची, आणि दादांना पुढचं पद दोनदा सुरू करावं लागायचं.

त्या वर्षी नेवाशाहून परत येताना प्रवरेच्या उतारावर गाडी कलंडली आणि काचांची पेटी खडकावर पडली. निम्म्याहून जास्त चित्रांचा चुरा झाला. दुसरी मोठी लढाई चालू होती; रॉकेल मिळायची मारामार, तिथं विलायतेहून चित्रं कुठून येणार? आबांना हे कळलं तसे ते बाजारच्या दिवशी चार माणसांत म्हणाले, "चला, त्या बाईचं दळन सुटलं एकदाचं." दादांना ते लागलं. ते तिथल्या तिथे बोलून गेले, "आबा, येत्या हंगामाच्या सणाला या. यंदा विलायत नाही, आपलं गाव दाखवतो पडद्यावर. तुमचा फेटासुद्धा दाखवतो." मग घरी आले, पाणी प्यायले, आणि मला विचारलं, "कुसुम, काचेवर चित्र काढता येतं का गं?"

मला चित्र काढता यायचं. सारवलेल्या भिंतीवर कोळशानं, पाटीवर पेन्सिलीनं, धुळीत काडीनं, मी जन्मभर तेच करत आले. मी जोरात मान हलवली. दादांचा चेहरा उजळला आणि त्यांनी लगेच दुसरा शब्द दिला. हंगामाच्या सणाला नगरहून मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई येणार होत्या. दरवर्षी त्या खेड्यांतून एखाददुसरी मुलगी निवडून बोर्डिंगात घेऊन जायच्या. "बाईंनी तुझी चित्रं डोळ्यांनी बघितली तर तुला सोडून जायच्या नाहीत," दादा म्हणाले.

आई चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "नगरला कोन हाय तिचं? जामखेडला मावशी हाय. शिवन शिकंल, रक्ताच्या मानसाच्या नजरंखाली ऱ्हाईल." सगुणामावशी आईची थोरली बहीण. तिला मूल नव्हतं, शिवणयंत्र होतं, आणि मला घेऊन जायची तिची फार इच्छा होती. बाई प्रेमळ, पण तिच्या घरात मोठ्यानं हसलं तरी ती यंत्र थांबवून चष्म्यावरून बघायची. मला वाटायचं, जामखेडला गेले तर मी बटणं लावता लावता म्हातारी होईन. आईदादांची पुष्कळ बोलाचाली झाली, आणि शेवटी दादांनी निकाल दिला: चित्रं झाली आणि बाईंना पटली, तर नगर. नाहीतर सण उरकल्यावर मावशीबरोबर जामखेड. आई म्हणाली, "बघा मंग," आणि तव्यावरची भाकरी उलटली.

दादांनी नगरच्या काचवाल्याकडून खिडकीच्या काचेचे लहान चौकोन कापून आणले. कापड रंगवायच्या पुड्या आणल्या. त्या बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवायच्या असं ठरलं, म्हणजे रंग चिकटून बसेल आणि उजेड त्यातून पार जाईल. काळ्या रेघांसाठी टाक होता, आणि एक अस्सल खारीच्या केसांचा कुंचला होता, ज्याच्याकडे मी रात्री झोपताना एकदा बघून घ्यायचे. पहिलं चित्र अर्थातच आबांचं. मी टाकानं मिशा काढल्या, नाक काढलं, टाक ठिबकायला लागला म्हणून आमच्या शाळेतली सगळी मुलं पुसायची तसा कानावरच्या केसांना पुसला. कुंचल्याला टोक यावं म्हणून तोही केसांतून ओढून घेतला, आणि फेट्यावर लाल रंग सोडला. रंग काय सुरेख पसरला. मी "आई" म्हणून हाक मारेपर्यंत तो आक्रसायला लागला. कडेकडेनं मागे सरला, मधे फाटला, आणि बघता बघता आबांच्या फेट्याचे लाल मणी झाले. काच जरा कलती केली तर मणी घरंगळत नाकावर आले.

मग आमच्या घरात जे सुरू झालं त्याला दादा प्रयोग म्हणायचे आणि आई पसारा म्हणायची. काच राखेनं घासली. रिठ्याच्या पाण्यानं धुतली. चुन्याच्या निवळीत ठेवली. कोंबडीच्या अंड्याचं पांढरं लावून बघितलं. ते सुकून पापडासारखं सुटलं आणि आईनं अंड्याचा हिशेब विचारला. नवलाची गोष्ट ही, की धुतलेल्या काचेवर नुसतं पाणी ओतलं तर ते एकसारखं पसरायचं, सगळी काच एका पातळ थरानं झाकली जायची. पाण्याला काच चालत होती, माझ्या रंगाला चालत नव्हती. म्हणून दोष रंगाचा ठरला. दादांनी पुड्यांच्या दुकानदाराला मनातल्या मनात नाही नाही ते बोलून घेतलं आणि सोनईच्या बाजारातून दुसऱ्या पुड्या आणल्या. त्यांचेही मणीच झाले. आबा रस्त्यानं जाता जाता दारात थांबून विचारायचे, "मास्तर, माझा फेटा कुटवर आला?" दादा म्हणायचे, "बांधतोय, आबा, बांधतोय."

मी रडकुंडीला आले होते. सण जवळ येत होता, बाजरीची कणसं खुडून खळ्यावर पडायला लागली होती, आणि माझ्याजवळ एकही चित्र नव्हतं. मला जामखेडच्या शिवणयंत्राचा आवाज ऐकू यायला लागला होता. आईला नगर नको होतं, पण माझा असा चेहराही तिला बघवेना. ती म्हणाली, "पोरीचं डोकं तापलंय इचार करकरून," आणि त्यावर तिच्याजवळ जो एकुलता एक उपाय होता तो तिनं केला. तेल वाढवलं. सकाळचं होतंच, त्यात संध्याकाळचं आलं. मी डोक्यापासून कोपरापर्यंत चकचकीत झाले. त्या दिवसांत रंग काचेवर पडायच्या आधीच पळून जायचा म्हटलं तरी चालेल.

या सगळ्यातून वाट दाखवली ती दानीनं, म्हणजे माझ्या धाकट्या भावानं, आणि त्याच्या डोक्यात ते मुळीच नव्हतं. डोक्यात काय, त्याच्या डोक्यावरही काही नव्हतं. खवडे झाले म्हणून त्याचा चकोट केला होता, दवाखान्यातल्या नर्सबाईंनी जांभळं औषध फासलं होतं आणि तेलाचा थेंबही लावायचा नाही असं आईला बजावलं होतं. तो गावभर वांग्यासारखं डोकं घेऊन आनंदानं हिंडायचा. एका दुपारी त्यानं काचेचा फुटका तुकडा उचलला, बाभळीची दातवणाची काडी चावून तिचा कुंचला केला, आणि माझ्याच वाटीतल्या रंगानं एक कुत्रा काढला. निदान तो म्हणाला, कुत्रा आहे. पाय पाच होते. पण रंग काचेवर पसरला, थांबला, आणि सुकला. कुठे फाटला नाही, कुठे गोळा झाला नाही.

सगळं घर त्या पाच पायांच्या कुत्र्याभोवती जमलं. दादांनी तुकडा उजेडात धरला, उलटा केला, नखानं खरवडला. आई म्हणाली, "लेकराचं मन निर्मळ असतंय, त्येच्या हातनं हुतं." मला इतका राग आला, की मी माझा कुंचला दानीच्या हातात दिला आणि म्हटलं, "याच्यानं काढ बघू, निर्मळ." त्यानं काढलं. मणी झाले. दानी ओशाळला, आणि माझा राग एकदम उतरला, कारण मला काहीतरी दिसायला लागलं. काच तीच, रंग तोच, हातसुद्धा तोच. मी कुंचला रिठ्याच्या पाण्यात चोळून चोळून धुतला आणि पुन्हा एक रेघ ओढली. रेघ बसली. दुसरी ओढली, तीही बसली. मग कुंचल्याची टोकं फाकली आणि माझा हात आपोआप कानाकडे गेला.

समोर दानीही आपल्या काडीनं काढायला बसला होता. तो प्रत्येक रेघेनंतर काडी डोक्यावर पुसत होता, कारण ताई तसं करते. जांभळ्या डोक्यावर लाल पट्टे उमटले होते. मला हसू फुटलं, आणि हसता हसता माझा हात कानापाशीच थांबला. मी वेणी पुढे घेतली. धुतलेल्या काचेच्या एका कोपऱ्याला वेणीचं टोक अलगद टेकवलं, आणि बोटानं त्या काचेवर पाण्याचे दोन थेंब सोडले. कोऱ्या जागेवरचा थेंब पसरून दिसेनासा झाला. वेणी टेकली होती तिथला थेंब अळूच्या पानावर उभा राहावा तसा गोल उभा राहिला. मी काच हलवली तर तो थरथरला, पण पसरला नाही.

माझा नातू इंजिनिअर आहे. त्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आजी, थेंब आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये एक कोन असतो, त्याचं गणित आहे. कागदावर थेंब काढून त्यानं तो कोन दाखवलाही. काच स्वच्छ असली की कोन जवळजवळ नाहीसा होतो, थेंब आडवा पसरतो. तेलाचा बोटभर स्पर्श झाला की कोन वाढतो आणि थेंब अंग चोरून उभा राहतो, असं तो म्हणाला. मला ते पटलं, आणि आवडलंही. त्या दुपारी मात्र मला एवढंच कळलं होतं, की तेल आणि पाण्याचं पटत नाही हे मला जन्मापासून माहीत होतं, आणि मी ते तेल रोज स्वतःच्या डोक्यावरून काचेवर नेऊन घालत होते.

दादा पोटभर हसले. दानीला खांद्यावर घेऊन अंगणात नाचवलं. आई पिठाच्या हातानं बाहेर आली होती, ती हसली नाही. तिनं ओणवं होऊन ते दोन थेंब नीट बघितले. मग स्वतः बोट बुडवून दोन्हीकडे एकेक थेंब सोडला आणि काय होतं ते बघितलं. "म्हंजी माझं तेल," ती म्हणाली.

"आई, मी पुसणार नाही आता केसांना. एवढंच तर आहे," मी म्हटलं.

एवढंच नव्हतं. सवय हाताची असते. मी कितीही ठरवलं तरी हात कानाकडे जायचा. तो आवरला तर तेलकट बट गालावरून मागे सारायला जायचा, आणि तीच बोटं काचेवर टेकायची. दुसऱ्या दिवशी मोटेचं सुरेख जमलेलं चित्र अर्ध्यावर फाटलं. त्या रात्री मी ती काच तशीच चुलीपाशी ठेवून झोपले. सकाळी नेहमीसारखी पायरीवर जाऊन पाठ करून बसले. आई आली, पण तिच्या हातात बाटली नव्हती, कढत पाण्याची कासंडी होती. तिनं शिकेकाईनं माझं डोकं तीनतीनदा धुतलं, पंच्यानं खसाखसा पुसलं, उन्हात वाळवलं, आणि कोरडी वेणी घातली. तेलाची बाटली उचलून वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे ठेवून दिली.

त्यानंतर रोज तसंच. मी बसायचे, ती विंचरायची, आणि गप्प असायची. माहेरची गोष्ट नाही, शेजारणीची नक्कल नाही. मी मुद्दाम काहीतरी विचारायचे, ती "हूं" म्हणायची. तिच्या तेलाला मी नाव ठेवलं म्हणून ती रुसली, असं मी धरून चालले. माझे केस चहूबाजूंनी उडायला लागले. विहिरीवर बाया आईला विचारायच्या, "तेल सपलं व्हय गं घरातलं?" आई म्हणायची, "न्हाई, हाय की," आणि घागर उचलून चालू लागायची. मला तिच्यासाठी वाईट वाटायचं. पण खोटं कशाला बोलू, चित्रं जमायला लागली होती, आणि त्या आनंदापुढे मला बाकीचं फार वेळ आठवत नव्हतं.

काय मजा होती त्या कामात. ओला रंग काचेवर टेकवला की तो कुंचल्याच्या पुढे आपण होऊन थोडा सरकायचा, रेघेपर्यंत जायचा आणि रेघेच्या कडेशी थबकायचा. पळसाच्या सुकवलेल्या फुलांचा केशरी, हळदीचा पिवळा, पुडीचा निळा. बाजरीचं खळं झालं, मोट झाली, सोनईचा बाजार झाला, आमच्या कोंबड्या झाल्या. दानीच्या हट्टापायी पाच पायांचा कुत्राही एका काचेवर गेला. आणि आबांचा फेटा असा बसला, की दादांनी काच सूर्याकडे धरली तर त्यांच्या सदऱ्यावर लाल उजेड पडला.

हंगामाच्या सणाला गावातले ख्रिस्ती लोक नव्या पिकातलं पहिलं देवळात घेऊन येतात. आमच्या चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. बाजरीच्या पाट्या, भोपळे, कोंबड्या, एखादा बोकड, आणि प्रार्थना झाली की अंगणात त्यांचा लिलाव. त्या दिवशी मोठ्या बाई नगरहून सर्व्हिस मोटारीनं, म्हणजे तेव्हाच्या बसनं, आल्या. पांढरं पातळ, पायांत बूट, आणि बोलणं असं स्वच्छ, की आमच्या बाया उगाचच पदर सारखे करायला लागल्या. सगुणामावशीही जामखेडहून येऊन पोचली होती. तिनं मला बघितलं मात्र आणि आईकडे वळली, "अगं बाई, लेकराचं डोकं असं कामून ठिवलंस? कुनी मेल्यावानी दिसायलंय." आई म्हणाली, "असू दे," आणि तिला बसायला घोंगडं टाकलं.

दिवेलागण झाली. देवळासमोरच्या दोन कडुलिंबांच्या मध्ये दादांनी धोतर ताणून बांधलं आणि मी आणि दानीनं त्याच्यावर पाणी मारलं. कापड ओलं केलं की उजेड आरपार जातो, म्हणजे पुरुष एका बाजूनं आणि बायका दुसऱ्या बाजूनं, दोघांनाही चित्र दिसतं. दादांनी घाईत नवंकोरं धोतर आणलं होतं. खळीमुळे पाणी त्याच्यावर ठरेना, थेंब खाली घरंगळायला लागले. बाकीचे घाबरले, मी आणि दानीनं एकमेकांकडे बघितलं, धोतर सोडलं, रिठ्याच्या पाण्यात खळखळून काढलं आणि पुन्हा बांधलं. ते एका दमात चिंब झालं.

दादांनी पद म्हटलं, चिपळ्या वाजवल्या, आणि पहिली काच सरकवली. अंधारात आबांचा लाल फेटा पेटल्यासारखा उभा राहिला, खाली पांढऱ्या मिशा, आणि मिशांखाली आबांचं ते कुणाला तरी बोलायच्या बेतात असलेलं तोंड. सगळे पहिल्या ओळीकडे बघत होते. आबांनी डोक्यावरचा फेटा चाचपला. मग म्हणाले, "मास्तर, जरा असू द्या तितंच. म्हातारीला बघू द्या." पलीकडच्या बाजूनं त्यांच्या म्हातारीचा आवाज आला, "दिसतंय मला. हितं बी लईच बोलनार वाटतं." त्यानंतर जो हशा पिकला तो खळ्याच्या चित्रापर्यंत चालला. पाच पायांचा कुत्रा तर लोकांनी दोनदा दाखवायला लावला, आणि दादांना त्या रात्री एकही पद नीट पुरं करता आलं नाही. ते घामानं निथळत होते आणि मी त्यांना इतकं सुखात क्वचित बघितलं आहे.

सगळं आटोपल्यावर मोठ्या बाई काचा एकेक करून दिव्याशी धरून बघत होत्या. "या काचेला रंग धरायला काय लावलंस?" त्यांनी मला विचारलं. "काही नाही, बाई," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं. बाई दादांकडे वळल्या, "मास्तर, ही मुलगी मला द्या." दादांनी आईकडे बघितलं. चित्रं झाली तर नगर असं ठरलेलं होतं, पण आईला डावलून ते हो म्हणणार नाहीत हे मला ठाऊक होतं. तेवढ्यात मावशी पुढे झाली, "तसं कसं बाई? लेकरू जामखेडला यायचंय माझ्याकडं. हिच्या आईचं माझं बोलनं झालंय." तेल बंद झाल्यापासून आई माझ्याशी धड बोललेली नव्हती. ती माझ्या बाजूनं बोलेल असं मला मुळीच वाटत नव्हतं.

"तुमचं काय म्हणणं आहे?" बाईंनी आईला सरळ विचारलं.

आईनं मला दंडाला धरून पुढे ओढलं. "बाई, हिच्या डोक्याला हात लावून बघा," ती म्हणाली. बाईंनी गोंधळून लावला. "कोरडं हाय ना? हिच्या डोक्याचं तेल काचंवर गेलं की चित्र फाटतं. मी रोज घातलं असतं, तर ह्यातलं एक बी झालं नसतं, आन् पोरगी गेली असती मावशीकडं. नगरला पाठवायची नसती, तर मी तेल कशाला थांबिवलं असतं?"

मी आईच्या पदरात तोंड खुपसलं आणि सगळ्यांसमोर रडले. इतके दिवस मी समजत होते, की ती माझ्यावर रुसली आहे. ती मला नगरला पाठवत होती, रोज सकाळी थोडी थोडी.